मुलाच्या अंडातील गाठ : लाजू नका, उशीर करू नका

मागच्या अंकात आम्ही जातपडताळणीच्या कागदांविषयी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली आहेत, त्यांची उत्तरे पुढच्या अंकात देऊ. आजचा विषय वेगळा आहे आणि जरा अवघडही आहे. लिहायला बसलो तेव्हा आमच्या मंडळींनीच हरकत घेतली. "घराघरांत पेपर जातो, पोरीबाळी वाचतात, असलं काय लिहिता?" आम्ही म्हटले, या पोरीबाळींना उद्या मुले होतील, त्या मुलांना आंघोळ कोण घालणार? मंडळी गप्प झाल्या. तेव्हा लिहितो आहोत.

विषय आहे लहान मुलग्यांच्या अंडात किंवा अंडाच्या आसपास होणाऱ्या गाठीचा. हा आजार फार विरळा आहे. लाख मुलग्यांमागे वर्षाला एखाद-दुसरा. म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. पण विरळा असल्यामुळेच तो ओळखू येत नाही, आणि जागा लाजेची असल्यामुळे तो सांगितला जात नाही. आम्ही डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेले कारकून आहोत. पण वस्तीतल्या आजाऱ्यांना घेऊन इस्पितळाच्या रांगेत उभे राहण्यात आमची वीस वर्षे गेली. डॉक्टरांना विचारून, वहीत लिहून घेऊन जे समजले ते येथे देतो.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात आमच्या चाळीतल्या एका आजीने आम्हाला हाक मारली. सून कामाला जाते, नातवाला आंघोळ आजीच घालते. नातू चौदा महिन्यांचा. आजी म्हणाली, "भाऊ, पोराचं एका बाजूचं अंड सुपारीगत टणक लागतंय. दाबलं तरी रडत नाही. दुसऱ्यापेक्षा जड बी लागतंय." सुनेचे म्हणणे, पाणी साठले असेल. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सूज उतरण्याचे औषध दिले होते. पंधरा दिवस झाले तरी सूज तशीच होती.

आजीला अक्षरओळख नाही. पण टणक, जड आणि न दुखणारे, हे तिने सांगितलेले तीन शब्द पुढे बालशल्यचिकित्सकांनी जसेच्या तसे केसपेपरावर उतरवून घेतले. दुखते म्हणजे आजार, दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. या गाठीच्या बाबतीत ती उलटी आहे. अंड एकाएकी भयंकर दुखायला लागले, मूल ओरडते, ओकते, तर बहुधा अंडाला पीळ पडलेला असतो. त्याला सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया लागते, नाही तर अंड मरते. तेव्हा रात्र असली तरी सकाळची वाट पाहायची नाही. गाठ मात्र गुपचूप वाढते, आणि मूल खेळत राहते.

पाण्याचेही सांगायला हवे, कारण घोटाळा नेहमी तेथेच होतो. मूल आईच्या पोटात असते तेव्हा त्याची अंडे त्याच्या पोटात, मूत्रपिंडाजवळ असतात. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ती जांघेतून खाली पिशवीत उतरतात. उतरण्याची वाट मागून पुरती बंद झाली नाही, तर पोटातले पाणी पिशवीत झिरपते. त्याला हायड्रोसिल म्हणतात. ते पुष्कळ बाळांना असते आणि बहुतेकांचे वर्ष-दीड वर्षात आपोआप जाते. अंधाऱ्या खोलीत पिशवीमागे बॅटरी धरली तर पाणी लालसर उजळते. घट्ट गाठ असेल तर उजेड आरपार जात नाही. पण वाचकहो, घरच्या बॅटरीवर निकाल लावू नका. गाठीच्या भोवतीसुद्धा पाणी साठू शकते. मग उजेड दिसतो आणि आतली गाठ लपून राहते. आजीच्या नातवाचे नेमके तसेच झाले होते.

तेव्हा पहिली तपासणी सोनोग्राफी. गरोदर बाईच्या पोटावर जे यंत्र फिरवतात तेच पिशवीवर फिरवायचे. सुई नाही, कापाकापी नाही, मूल मांडीवर असताना होते. आत पाणी आहे की घट्ट मांस आहे, गाठ अंडाच्या आत आहे की बाहेर, हे त्यात कळते. "पाणीच आहे, सोनोग्राफी कशाला?" असे कोणी म्हटले तर आपण नम्रपणे पण ठामपणे सांगावे की आम्हाला करून पाहिजे.

दुसरी तपासणी रक्ताची. तिचे नाव अल्फा फिटोप्रोटीन, इस्पितळात सगळे एएफपी म्हणतात. लहान मुलांच्या अंडात होणारा जो मुख्य कर्करोग आहे त्याला 'योक सॅक ट्यूमर' म्हणतात. बहुतेक तीन वर्षांच्या आतल्या मुलांना तो होतो. ही गाठ एएफपी नावाचा पदार्थ रक्तात सोडते, म्हणून दहांतल्या नऊ मुलांत हा आकडा चढलेला सापडतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नुकत्या जन्मलेल्या निरोगी बाळाचा हा आकडा हजारोंच्या घरात असतो आणि वर्षाचा होईपर्यंत तो हळूहळू खाली येतो. त्यामुळे चार महिन्यांच्या बाळाचा कागद पाहून शेजारच्या शिकलेल्या मुलाने घाबरवले, तर त्याचे ऐकू नये. आकडा वयाशी ताडून डॉक्टरच पाहतात.

आणि प्रत्येक घट्ट गाठ कर्करोगच असते असेही नाही. लहान वयात टेराटोमा नावाची साधी गाठही बरीच आढळते. एएफपी चढलेला नसेल आणि सोनोग्राफीतही साधी गाठ दिसत असेल, तर पुष्कळदा नुसती गाठ काढून अंड वाचवता येते.

नातवाचा आकडा निघाला ३२००. दहाच्या आत हवा होता. परळला नेले. आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया झाली, आणि ती पिशवीवर चिरा देऊन नव्हे तर वर जांघेत चिरा देऊन झाली. आजीने आम्हाला विचारले, "गाठ खाली अन् टाका वर कसा?" आम्हालाही तेच कोडे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावले. अंडाचे माहेर पोटात. खाली उतरले तरी त्याच्या रक्तवाहिन्या आणि लसीकेच्या वाहिन्या वर पोटातच जातात. पिशवीच्या कातडीच्या वाहिन्या मात्र जांघेतल्या गाठींकडे जातात. कर्करोग पसरलाच तर तो आधी अंडाच्या वाटेने वर पोटात जाणार. पण पिशवीला चिरा दिला किंवा सुई टोचून तुकडा काढला, तर रोगाला दुसरीही वाट उघडून दिल्यासारखे होते. म्हणून जांघेत चिरा द्यायचा, वरची दोरी आधी बांधायची आणि अंड दोरीसकट अखंड बाहेर काढायचे. सगळ्या जगात हीच पद्धत आहे.

या लेखात दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे राहू द्या : घट्ट गाठीचा संशय असेल तर पिशवीवर सुई टोचू देऊ नये आणि पिशवीवर चिरा देऊ देऊ नये.

हे आम्ही इतके अट्टाहासाने का सांगतो, त्याला कारण आहे. २०२२ साली आमच्या साडूच्या मुलावर हेच ओढवले. मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. राहणार मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. अंडाच्या वरच्या बाजूला लिंबाएवढी गाठ. त्याने ती पाच महिने कोणाला सांगितली नाही. पोहायला जाणे बंद केले, क्रिकेट बंद केले, आंघोळ दार लावून. आईला वाटले पोरगा वयात आला. शेवटी पँट घट्ट होऊ लागली तेव्हा बापाला सांगितले, तेही अंधारात, वीज गेली होती म्हणून.

बापाने जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेले. तेथे सोनोग्राफी न करताच हायड्रोसिल म्हणून पिशवी उघडली. आत पाणी नव्हते. घट्ट मांस लागले, तेव्हा तुकडा काढून पिशवी शिवून टाकली. तुकडा तपासायला पाठवला, हे निदान बरे केले. पुष्कळ ठिकाणी तेवढेही करत नाहीत. पॅथॉलॉजीचा कागद आला तेव्हा साडूचा फोन आला. शब्द वाचता येईना, एकेक अक्षर सांगत होते. रॅब्डोमायोसार्कोमा.

हा दुसरा प्रकार. हा अंडाच्या आतला नसतो. अंडाला धरून ठेवणारी दोरी आणि भोवतालची आवरणे, तेथल्या मऊ पेशींतून तो उठतो. एक ते पाच वर्षांच्या वयात आणि पुन्हा वयात येणाऱ्या मुलांत तो जास्त सापडतो. यात एएफपी चढत नाही, म्हणून रक्त चांगले आले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. तो पोटाच्या मागच्या बाजूच्या गाठींत पसरू शकतो, फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून छाती-पोटाचा सीटी स्कॅन करतात. दहा वर्षांवरच्या मुलांत पोटातल्या गाठींत रोग असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून स्कॅन स्वच्छ असला तरी त्या गाठी काढून तपासाव्या असा नियम आहे.

आमच्या मुलाला मुंबईला आणले. आधीचा चिरा पिशवीवर झाल्यामुळे एक शस्त्रक्रिया होती तेथे काम वाढले. जांघेतून अंड आणि दोरी काढावी लागली, शिवाय पिशवीची जुन्या टाक्याभोवतीची कातडीही काढावी लागली. पोटातल्या गाठी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या, म्हणून शेकाची पाळी आली नाही. त्या दिवशी साडू इस्पितळाच्या आवारात खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

मग केमोथेरपी. तीन औषधे : व्हिन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. यातले व्हिन्क्रिस्टिन कशापासून निघते ठाऊक आहे का? आपल्या चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात जी फुलते त्या सदाफुलीपासून. शेकडो किलो पाने लागतात तेव्हा ग्रॅमभर औषध मिळते. हे सांगितल्यावर साडूंच्या गावातल्या एकाने लगेच सदाफुलीचा पाला वाटून पाजण्याचा सल्ला दिला! तसे कदापि करू नये. पाल्यात किती विष आणि किती औषध याचा काही मेळ नसतो. ॲक्टिनोमायसिन मातीतल्या जंतूपासून मिळते. १९४० साली सेल्मन वॅक्समन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ते सापडले.

औषधांचा त्रास होतो, तो लपवण्यात अर्थ नाही. केस गेले. शौचाला कडक होई. पायांना मुंग्या येत, जिना उतरताना पाऊल लटके पडे. सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला जखम होऊ नये म्हणून पाणी भरपूर प्यायला लावत. सगळ्यांत जपायचे ते तापाला. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी उतरतात आणि ताप आला तर तो साधा नसतो. घरी क्रोसीन देऊन रात्र काढायची नाही, त्याच घडीला इस्पितळ गाठायचे. आमच्या मुलाला दोनदा तसे न्यावे लागले. एकदा रात्री दोन वाजता टॅक्सीवाल्याने पैसे घेतले नाहीत. त्याचे नाव विचारायचे राहून गेले, ही रुखरुख आहे.

या औषधांनी जगात काय फरक पडला तोही सांगतो, कारण आपल्याकडे कर्करोग म्हटले की लोक पोराच्या नावाने रडूनच घेतात. १९७२ साली अमेरिकेत अनेक इस्पितळांनी एकत्र येऊन या रॅब्डोमायोसार्कोमाच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्याआधी असल्या चार मुलांतले एखादे वाचत असे. आज सगळे प्रकार धरून चारातली जवळजवळ तीन वाचतात. अंडाजवळची गाठ, पसरण्याआधी सापडलेली आणि उपचार पुरा केलेला असेल, तर दहांतली आठ-नऊ मुले बरी होतात. 'पुरा केलेला' या शब्दाखाली रेघ मारा. दोन महिन्यांत गाठ दिसत नाही, पोर हसते-खेळते, तिकडे कामावरचे खाडे वाढत चाललेले, मग आईबाप मुलाला घेऊन गावी निघून जातात. रोग परत येतो तेव्हा तो पहिल्यासारखा ऐकत नाही.

योक सॅकच्या बाबतीत गोष्ट याहून सोपी आहे. गाठ अंडापुरतीच असेल आणि अखंड निघाली असेल, तर लहान मुलांत केमो न देता नुसती नजर ठेवतात. पाचांतल्या चार मुलांना पुढे काही लागत नाही. ज्याच्यात रोग परत येतो त्याला केमो देतात आणि ते बहुतेक सगळे बरे होतात. नजर ठेवायची ती एएफपीच्या आकड्यावर. गाठ पूर्ण निघाली असेल तर हा आकडा दर पाच-सात दिवसांनी निम्मा होतो. जमाखर्चाच्या माणसाला हे फार आवडले. आम्ही नातवासाठी वहीत रकाने आखले : तारीख, अपेक्षित, प्रत्यक्ष. ३२०० चे १६००, मग ८००, ४००, २००. दीड-दोन महिन्यांत बारावर यायला हवा. आला. आकडा मध्येच अडला किंवा पुन्हा चढला तर कोठेतरी रोग शिल्लक आहे असे समजायचे. तोवर सोनोग्राफीत काही दिसतही नसते.

आता एक प्रश्न, जो कोणी मोठ्याने विचारत नाही. साडूंच्या पत्नीने आमच्या मंडळींना स्वयंपाकघरात विचारला. "ह्याचं लग्न होईल का? मूल होईल का?" एक अंड असले तरी पुरुषपणात उणेपण येत नाही आणि मूलही होते. दिसण्याचे मनाला लागत असेल तर मोठेपणी सिलिकॉनचे कृत्रिम अंड बसवता येते. मात्र सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधाने पुढे बीज कमी होऊ शकते. म्हणून वयात आलेल्या मुलाचे वीर्य केमोच्या आधी गोठवून ठेवता येते. हे डॉक्टरांना आधीच विचारावे, केमो सुरू झाल्यावर उपयोग नाही. आमच्या मुलाला हे विचारताना बाप बाहेर गेला. आम्हीच बोललो. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "काका, तुम्ही सही करा." सही बापाचीच लागते. त्यांना जिन्यावरून परत बोलावले.

खर्चाचे थोडक्यात. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमो बसतात. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्राचे टेबल असते, तेथे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी जावे, बिल झाल्यावर नव्हे. रेशनकार्डावर मुलाचे नाव चढवलेले नसेल तर पहिली अडचण तेथेच येते. आजच चढवून घ्या. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे, त्याच भागात लहान मुलांचे वाडिया रुग्णालयही आहे. विदर्भातल्या वाचकांना नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि मराठवाड्यातल्यांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ पडेल. बाहेरगावच्यांना राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. कर्करोग झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची विनामूल्य केंद्रे आहेत. त्यासाठी इस्पितळातल्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. रेल्वेच्या भाड्यात रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते, तिचा छापील नमुना तेथूनच भरून घ्यावा. साडूंना हे चौथ्या खेपेला कळले, तोवर तीन खेपांचे पूर्ण भाडे गेले होते.

मातांनी आणि आज्यांनी आंघोळ घालताना दोन्ही बाजू हाताला सारख्या लागतात का, एवढे महिन्यातून एकदा पाहावे. सहा महिन्यांचे बाळ झाले तरी एखादे अंड पिशवीत उतरले नसेल तर दाखवून घ्यावे. दीड वर्षाच्या आत ते खाली आणून बसवतात. न उतरलेल्या अंडात पुढे मोठेपणी कर्करोग होण्याचा धोका जास्त असतो. आणि बापांनो, मुलगा दहा-बाराचा झाला की त्याला तुम्हीच एकदा सांगा की तेथे काही टणक लागले तर मला सांग, मी रागावणार नाही. आईला तो सांगणार नाही. आमच्या साडूंनी धाकट्याला सांगितले. तो लाजून पळाला, पण ऐकून पळाला.

आजीचा नातू आता अंगणवाडीत जातो. साडूंच्या मुलाचे केस पूर्वीपेक्षा दाट आले आहेत. पायाचा लटकेपणा गेला, क्रिकेट पुन्हा सुरू झाले. तपासणी अजून चालू आहे. पुढची तारीख येत्या महिन्यात आहे, आणि रजेचा अर्ज आम्ही साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे.